आधी कुलूप, मग कैफियत

कॉफीच्या डब्याला कुलूप लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याच हाताखाली वकिली शिकले. डबा साधा स्टीलचा. त्याला मुद्दाम कडी बसवून घेतलेली, कडीत चिमुकलं पितळी कुलूप आणि किल्ली मल्हारअण्णांच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात. सकाळी डिकॉक्शन घालायची वेळ झाली की बँकेची तिजोरी उघडावी तशा थाटात ते डबा उघडायचे, दोन चमचे पावडर काढायचे आणि आमच्याकडे पाठ करून कुलूप लावायचे. छत्री सायकलच्या साखळीने खुर्चीच्या पायाला बांधलेली. टेबलावरचं पेन सुतळीला. ज्या शहरात अख्खी तळी चोरीला जातात तिथे हा माणूस आठ रुपयांचं पेन सांभाळत बसला होता.

मी पुण्याची. नवऱ्याच्या कंपनीने त्याला बंगळुरात आणलं, त्याने मला आणलं, आणि सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत आमची स्थापना झाली. तिथून रोज राजाजीनगरला जायचं ही नोकरी नव्हती, व्रत होतं. पण कन्नडचा गंध नसलेल्या वकीलबाईला दारात उभं कोण करणार? अण्णांनी केलं. कोर्टात ते कन्नडमधून गोड बोलायचे, पक्षकारांशी इंग्रजीतून तोलून बोलायचे. मनसोक्त ओरडायला त्यांना मराठी लागायची, आणि घरी ऐकून घेणारं कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. स्वतःच्याच घराच्या तळमजल्यावर ऑफिस, वर ते एकटे. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "ए पुणेबाई, स्वल्प इकडे ये," असं सुरू व्हायचं आणि पुढे माझ्या मसुद्याची चिरफाड. त्यांचे पूर्वज म्हणे कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले होते. ट्रॅफिकमुळे परत जाता आलं नसेल, असं मी म्हणायचे. ते हसायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तोच विनोद स्वतःचा म्हणून बार रूममध्ये खपवायचे.

अण्णांचा धंदा एकच. कुणी गुंतवणुकीच्या नावाखाली दुसऱ्याचे पैसे गिळले की दावा लागतो. दावा चालतो वर्षानुवर्षं. तोवर समोरचा शहाणा खाती रिकामी करतो, जागा मेव्हण्याच्या नावावर चढवतो आणि निकालाच्या दिवशी खिसे उलटे करून दाखवतो. म्हणून खटला उभा राहायच्या आधीच कोर्टाकडून त्याची खाती, जागा, गाड्या गोठवून घ्यायच्या. तेही त्याला पत्ता लागू न देता, एकतर्फी. कोर्ट असा हुकूम उठसूट देत नाही. माणूस माल हलवायच्या बेतात आहे हे दाखवावं लागतं. ते दाखवण्यात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. "बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्याच लोकांनी केली," ते म्हणायचे, "पण ऐकली कुणी नाही. पुणेबाई, झोपा आधी करायचा असतो. आधी कुलूप, मग कैफियत."

गुप्तता तर अशी की विचारू नका. ऑफिसात पक्षकाराचं नाव घ्यायला बंदी. प्रत्येक फाईलला एकेका भाजीचं नाव. आमचा कारकून मंजुनाथ गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "सर, दोडका उद्या बोर्डावर आहे, पडवळाचं काय करू?" पहिले काही आठवडे मला वाटलं, हे लोक बाजूला भाजीचं दुकान चालवतात. ऑफिसात नवा माणूस दिसला की अण्णा फोनवरही भाज्याच बोलायचे. एकदा एका जज्जसाहेबांनी विचारलं, "मिस्टर राव, आपलं प्रकरण कोणतं?" आणि अण्णांच्या तोंडून निघालं, "महास्वामी, भोपळा." तो हुकूम मात्र मिळाला.

आणि डंका! जागेची जप्ती झाली की तिथे जाऊन डंका वाजवून ती जाहीर करायची, असं कायद्यात आहे. हल्ली सगळे वकील नुसता कागद चिकटवून येतात. अण्णा नाही. "कायद्यात डंका आहे ना? मग वाजणार." कुत्र्यांना फिरवून आणायचं अॅप काढतो म्हणून आपल्या कंपनीतल्या अर्ध्या लोकांचे पैसे घेणाऱ्या एका महाभागाचा फ्लॅट जप्त करायचा होता. फ्लॅट सर्जापूर रोडवर, माझ्या शेजारच्याच सोसायटीत. कोर्टाचा अमीन, म्हणजे हुकूम दारोदार बजावणारा माणूस, शिवाय अण्णा, मी, आणि मंजुनाथने लग्नाच्या वाजंत्र्यांतून पकडून आणलेला एक तमटेवाला, म्हणजे आपला हलगीवाला, अशी आमची वरात गेटवर पोचली. वॉचमनच्या हातात टॅब. त्यात पाहुणा, कॅब, डिलिव्हरी, कामवाली असे पर्याय. जप्तीचा पर्याय नव्हता.

"साहब, ये ढोल किसमें डालूँ?" बिचाऱ्याने विचारलं.

"डिलिव्हरी," अण्णा म्हणाले.

वर त्या महाभागाने बिर्याणी आली असं समजून 'अप्रूव्ह' दाबलं. लिफ्टमधून आम्ही वर गेलो आणि त्याच्या दारात तमटे असं कडाडलं की सगळ्या बाल्कन्या भरल्या. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लगेच विचारलं, कुठला उत्सव आहे आणि प्रसाद किती वाजता. महाभाग हाफपँटमध्ये उभा होता, हातात सॉस. आठवड्याच्या आत तडजोडीचे पैसे घेऊन स्वतःच्या पायाने ऑफिसात आला. त्या दिवशी अण्णांनी आम्हाला तीन चमचे पावडरची कॉफी पाजली.

एक गोष्ट मात्र मला पुण्यात कुणी सांगितली असती तर मी थापा समजले असते. इथल्या जुन्या मराठी घरांत रीत आहे, आपल्या माणसावर दावा लावायचा तर आधी त्याच्या घरी जायचं. देवापुढे नारळ आणि विडा ठेवायचा आणि सांगायचं, "कोर्टात चाललोय, राग धरू नका." समोरचे कॉफी देतात, मुलाबाळांची चौकशी होते, आणि मग खुशाल एकमेकांची डोकी फोडायला मंडळी मोकळी. त्यातून ज्या घरच्या मयताला आपण खांदा दिला, त्या घरावर न सांगता चाल करून जाणं म्हणजे महापाप. आमच्या ऑफिसातल्या एका दाव्यातले दोन चुलतभाऊ एका भिंतीवरून भांडत होते आणि तारखेला एकाच रिक्षातून यायचे, भाडं वाचावं म्हणून. आत गेले की एकमेकांना चोर म्हणायचे.

अण्णा या रीतीची यथेच्छ टर उडवायचे. "चोराच्या घरी जाऊन सांगा, उद्या पोलीस येणारेत, आंघोळ करून बसा." जप्तीच्या पक्षकाराला ते कॉफीच्या डब्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायचे. नारळ नाही, विडा नाही, सासूला नाही, देवालाही नाही. "देव फुटत नाही, पण पुजारी फुटतो."

आणि मग शांताक्का आल्या.

शांताक्का निवृत्त शिक्षिका. यजमान गेल्यावर राजाजीनगरचं मोठं घर विकलं. त्याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच मनात होतं. गुडघ्यांना जिना नको, देऊळ कोपऱ्यावर, डॉक्टर ओळखीचा. तेवढ्यात गुरुराज आला. तोही शांताक्कांसारखाच इथल्या जुन्या मराठी घरातला, याच गल्लीत वाढलेला. "अक्का, खोल्या मिळेपर्यंत पैसे पडूनच राहणार ना? वर्षभर माझ्याकडे ठेवा." सर्जापूर रोडच्याही पलीकडे त्याची 'मॅनेज्ड फार्मलँड' होती. तुम्ही पैसे द्यायचे, एवोकॅडो तो लावणार, सांभाळणार, विकणार, आणि तुम्ही शनिवारी जाऊन झोपाळ्यावर बसायचं. माझ्या नवऱ्यानेही ते ब्रोशर घरी आणलं होतं. मी विचारलं, तुला गॅलरीतली तुळस जगवता येते का? विषय तिथेच मिटला. पुढे केससाठी ती बाग मी पाहिली. एवोकॅडोची निम्मी झाडं शेवग्याची होती.

वर्ष झालं, दोन झाली. गुरुराज फोन उचलेना. शांताक्का जे. पी. नगरला भावाकडे, वॉशिंग मशीनच्या खोलीत राहत होत्या. भावजय फार सुसंस्कृत. "अक्का, खोल्यांचं काही कळलं का?" हा एकच प्रश्न ती सकाळी काळजीने, दुपारी सहज आणि रात्री जेवताना विचारायची. शांताक्का हे सांगताना हसल्या, आणि मग डोळे पुसायला चष्मा काढला.

अण्णांनी फी घेतली नाही. "तिच्या यजमानांना खांदा दिलाय मी," एवढंच म्हणाले. फाईलचं नाव अर्थातच शेवगा. आणि काय केस बांधली त्यांनी! गुरुराज दुबईला बिऱ्हाड हलवणार होता, त्याचे पुरावे. रस्त्यालगतचा एक चांगला प्लॉट विकायला काढला होता, त्याची जाहिरात. बँकेतली रक्कम, खात्यासकट. सोमवारी अर्ज पुढे करायचा ठरलं. शांताक्कांनी डब्यावर हात ठेवला आणि जरा घुटमळल्या.

"अण्णा, गुरुराजची आई माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला तरी सांगून येऊ का? नाहीतर कसं दिसतं ते."

"एक अक्षर नाही, अक्का!" अण्णा असे कडाडले की मंजुनाथच्या हातातली शेवग्याची फाईल पडली. "तुमच्या खोल्या हव्यात की मैत्रीण?"

शांताक्कांनी शपथ घेतली. पाळलीही.

सोमवारी अण्णा उभे राहिले. असं बोलले की जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं, आणि हुकूम एकतर्फी, जागच्या जागी. मी आनंदाने शांताक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "म्हणजे खोल्या बघायला लागू?" मी म्हटलं, लागा की!

बँकेत हुकूम घेऊन गेलो. मॅनेजरने अत्यंत आदराने खातं गोठवलं. त्यात जे शिल्लक होतं त्यात आम्हा तिघांचे मसाला डोसे आले असते, कॉफी स्वतंत्र. पैसे शुक्रवारी गेले होते. प्लॉटही शुक्रवारीच मेव्हण्याच्या नावावर झाला होता. हुकूम इतका सुरेख होता की फ्रेम करून लावावा; गोठवायला तेवढं काही उरलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. फोडलं कुणी? बँकेवर संशय घेतला, मंजुनाथवर घेतला, मनातल्या मनात शांताक्कांवरही घेतला.  गुरुराजच्या घरी समन्स लावायला जायचं होतं, तर अण्णा म्हणाले, "तू जा अमीनबरोबर. माझा गुडघा दुखतोय." डंक्याचं नावही काढलं नाही.

गुरुराज बायकोला घेऊन दुबईला पोचला होता. घरी म्हातारी आई एकटी. तिने आम्हाला बसवलं, अमीनला पाणी दिलं, मला केसरीभात दिला. जप्तीवाल्यांना केसरीभात! मी घास घेणार तोच देवघराकडे नजर गेली. देवापुढे एक नारळ होता आणि सुकलेली विड्याची पानं.

"हे कुणी ठेवलं, आजी?"

"अण्णांनी की. गुरुवारी येऊन गेले. आमच्या यजमानांना खांदा दिलाय त्यांनी, न सांगता कसं येतील? म्हणाले, सोमवारी अक्कांसाठी कोर्टात उभा राहतोय, राग धरू नका. मुलाला सांगा, अजून वेळ आहे, पैसे देऊन टाक." म्हातारीने नारळाकडे पाहिलं. "मी फोन केला लेकराला. आई आहे की मी. मला वाटलं, देईल तो."

केसरीभात तसाच ठेवून मी उठले.

ऑफिसात आले तेव्हा अण्णा कॉफीचा डबा पुढ्यात घेऊन बसले होते, बंद. माझ्या तोंडाला काही धरबंध राहिला नाही. वय, मान, सगळं गेलं खड्ड्यात. "जगाला शपथा घालता आणि स्वतः नारळ घेऊन जाता? हात दाखवून अवलक्षण! अहो, त्या बाईला तुम्ही मैत्रिणीकडे जाऊ दिलं नाहीत!"

"खांदा दिलेलं घर आहे ते, पुणेबाई. मला झोप लागेना. वाटलं, त्याच्या बापाचं नाव काढलं की मुलगा वितळेल."

"आणि शांताक्कांच्या यजमानांना कुणी दिला होता खांदा?"

अण्णा डब्याकडे बघत म्हणाले, "मीच."

 रागाने रडू येतं मला, तेच आलं.

शांताक्कांना त्यांनी स्वतः सांगितलं. मला सोबत नेलं होतं, पण मध्ये बोलू दिलं नाही. जे. पी. नगरच्या त्या खोलीत वॉशिंग मशीन घरघरत होतं आणि अण्णा उभ्याउभ्याच, एकही सबब न सांगता, सगळं बोलून गेले. शांताक्कांनी मशीन बंद केलं.

"मला मात्र सांगू दिलं नाहीत, अण्णा," एवढंच म्हणाल्या.

परत येताना गाडीत अण्णा म्हणाले, "जप्ती टाळायची तर प्रतिवादीने तारण द्यायचं असतं. त्याने दिलं नाही. चूक माझी, तर तारणही माझंच." त्याच आठवड्यात तळमजल्यावरचं ऑफिस रिकामं झालं. दोडका, पडवळ, भोपळा, सगळे वरच्या मजल्यावर. खाली स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघरात धरायला दांडी, आणि जे. पी. नगरहून एका टेंपोत शांताक्कांचं सामान. समाजाने बोलायचं ते भरपूर बोलून घेतलं. शांताक्का रागावलेल्याच होत्या. पण रागावून निघून जायला माणसाला दुसरं घर लागतं. त्या आल्या.

आल्या त्या दिवशी अण्णांनी हौसेने दाराला नवंकोरं कुलूप आणलं, दणकट, दोन किल्ल्यांचं. शांताक्कांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं.

"कशाला, अण्णा? कुलूप लावण्यासारखं आता काय आहे माझ्याकडे?"

चिडून नव्हतं म्हटलं. चिडून म्हटलं असतं तर अण्णांनी वाद घातला असता, जिंकलाही असता. ते किल्ल्या घेऊन वर गेले. त्यानंतर शांताक्का रोज संध्याकाळी दार सताड उघडं टाकून देवळात जायला लागल्या.

अण्णांनी जप्तीची कामं घेणं बंद केलं. पुढे गुडघ्यांनी कोर्टही बंद केलं. शांताक्कांचा दावा मी चालवला. गुरुराजने दुबईहून वकील दिला, वकिलाने तारखा दिल्या, मेव्हण्याच्या प्लॉटवर वेगळा दावा लागला, तो अजून तिथेच पेंड खातोय. पण मूळ दाव्याचा निकाल लागला. जिंकलो आम्ही. व्याजासकट, खर्चासकट, अगदी साग्रसंगीत.

निकालाची नक्कल घेऊन मी राजाजीनगरला गेले ती संध्याकाळी. शांताक्कांचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. दारात खुर्ची टाकून अण्णा बसले होते. छत्री मांडीवर, साखळीशिवाय. ऊन तिरकं त्यांच्या तोंडावर येत होतं.

"अण्णा, आत बसा की. ऊन लागतंय."

"अक्का देवळात गेलीय. येऊ दे."

"रोज असेच बसता?"

त्यांनी मांडीवरची छत्री सारखी केली. मी नक्कल पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून शेवटचं पान वाचलं, खालची सही पाहिली आणि नक्कल घडी घालून मला परत दिली.

"सरी, बरं झालं. छान चालवलास दावा." मग विचारलं, "खोल्या येतात का यात?"

मी नकारार्थी मान हलवली.

"वर जा, कॉफी करून घे," ते म्हणाले. "डबा उघडाच आहे. मलाही आण अर्धा कप. मला उठता येणार नाही, दार उघडं आहे."